जालन्याची धार

"राहू दे आता, शहादेव," विठ्ठलराव पेशकार म्हणाले आणि उपरण्याने त्यांनी स्वतःच गालावरचा साबण पुसला. एक गाल झालेला, एक राहिलेला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. राग असता तर शहादेवला काहीतरी म्हणता आलं असतं. पाणी गार होतं, केस राठ आहेत, हात आज जरा जड आहे. पण पेशकारांनी दुखणाइताला समजवावं तसं त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. बहुधा पुसलं तर याच्या लक्षात येईल म्हणून. त्यांनी शेरवानी चढवली, शेला कानांवरून हनुवटीखाली गुंडाळला. माघातल्या थंडीत ते कोणाला खटकलं नसतं. "रविवारी बघू," असं म्हणून ते कचेरीला निघून गेले. 'रविवारी ये' असं म्हणाले नाहीत. बीडच्या कचेरीतला इतका मोठा माणूस अर्ध्या दाढीने हापिसात बसणार होता, आणि ते शहादेवच्या वस्तऱ्यापेक्षा त्यांना बरं वाटलं होतं.

तो ओट्यावर तसाच बसून राहिला. वाटीतल्या पाण्यावर साबणाचा फेस विरत होता. आतून पेशकारांच्या घरचं कोणी बाहेर येऊन पाहील या भीतीने त्याने वस्तरा मिटला, धोकटी काखेत मारली आणि उठला. बिंदुसरा नदीच्या वाळूतून पेठेकडे जाताना त्याला वाटत होतं, आज गावाला कळणार. खरं म्हणजे गावाला आधीच कळलेलं असणार. गेल्या महिन्यात दोन घरांनी 'सध्या दाढी वाढवतोय' असं सांगितलं होतं, आणि त्याने ते खरं मानलं होतं. माणूस आपल्याबद्दलचं वाईट शेवटी ऐकतो. त्याला अलीकडे एकादशी आवडायला लागली होती. अमावस्या, सोमवार, शनिवार, ज्या ज्या दिवशी लोक केसांना हात लावू देत नाहीत ते सगळे दिवस तो आधीपासून मोजून ठेवायचा आणि त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं. न्हाव्याच्या जातीत जन्मून असं वाटणं म्हणजे काय, हे तो कोणाला सांगणार होता?

कार्तिकात त्याच्या बापाच्या, आसाराम आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सकाळी राजुरी वेशीजवळ एका मारवाड्याची हजामत करत होते, वस्तरा हातातून गळाला, आणि गळताना त्यांनी डाव्या हाताने तो झेलला, गिऱ्हाइकाला ओरखडा येऊ दिला नाही, मग खाली बसले. अशी हकिगत लोक अजून सांगत. आप्पांच्या हाताची गोष्टच निराळी होती. त्यांच्या वस्तऱ्याखाली माणसं झोपी जात. कचेरीतले पठाण जमादार, मोहरीर, वकील, सगळे म्हणत, आसारामचा हात फिरला की फक्त गार वाटतं, मग आरशात बघावं तर दाढी झालेली. आणि ती धार आप्पा स्वतः लावत. हा त्यांचा खरा मान. तालुक्यातले बाकीचे न्हावी वस्तरे जालन्याच्या शिकलगाराकडे धाडत, चोरून धाडत, उघड धाडत. आप्पा धाडत नसत. त्यांनी तीन वस्तरे मागे ठेवले आणि तिन्हींचीही धार पुढच्या दोन महिन्यांत गेली. धार एकदम जात नाही. आधी हनुवटीवर अडखळते, मग वरच्या ओठावर, मग गिऱ्हाईक बोलता बोलता गप्प होतं.

आप्पांनी त्याला दाढी शिकवली, जावळ शिकवलं, लग्नात नवऱ्या मुलापुढे कसं बसायचं ते शिकवलं. धार शिकवली नाही. "पुडं बगू," म्हणायचे. "कावून घाई? मी काय मेलो का?" दुपारी जेवणं झाली की ते मागच्या खोलीत जात, दार ओढून घेत, आणि मग आतून दगडावर पोलाद घासल्याचा आवाज येई. सबंध गल्लीला तो आवाज माहीत होता. बायका म्हणत, आसारामदाजी धार लावायलेत, पोरांना गप करा. घटकाभराने ते बाहेर येत, त्यांच्या हातात लाल फडक्यात गुंडाळलेला वस्तरा असे, आणि तो ते धोकटीच्या तळाशी ठेवत. तो पंधरा दिवस उघडायचा नाही. "धार लावली की मुरू द्यायची असती," आप्पा सांगत, "लोणच्यावानी. कच्ची धार गालाला लावली की वरबाडती." पंधरा दिवसांनी एका सकाळी वस्तरा बाहेर निघे आणि लोणी कापावं तसा चाले. शहादेवने हे लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात शंका घेण्यासारखं काही आहे असं त्याच्या मनात कधी आलं नाही.

एकदा, दहाएक वर्षांचा असताना, त्याने दाराच्या फटीतून आत पाहिलं होतं. एवढीच त्याची शाळा. आप्पा पाठमोरे बसलेले, पुढे ओला दगड, आणि हातातला वस्तरा दगडावर उभट धरलेला. पाठ उचललेली, चांगली बोटभर, फक्त धारेची कड टेकलेली. हे एक चित्र त्याने पंधरा वर्षं कोणाला न दाखवता जपलं. आप्पा खाटेला खिळल्यावर त्याने तोच दगड काढला, त्याच खोलीत बसला, पाठ बोटभर उचलली आणि घासू लागला. रोज दुपारी. पाणी राखेसारखं काळपट व्हायचं, मनगट भरून यायचं, मग तो अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघायचा, हातावरचे केस उडतात का बघायचा. केस वाकायचे, उडायचे नाहीत. मुरली नाही अजून, असं म्हणून तो वस्तरा लाल फडक्यात गुंडाळून ठेवायचा. पंधरा दिवस वाट बघायचा. ते पंधरा दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात आशेचे दिवस असत, हे आता आठवलं की त्याला स्वतःची कीव येई. सोळाव्या दिवशी वस्तरा होता त्याहून बोथट निघायचा.

या धारेची पहिली परीक्षा आप्पांच्याच गालावर व्हायची. बुधवारी आणि रविवारी तो त्यांना भिंतीला टेकवून बसवी, पाणी चोळी, आणि वस्तरा लावी. उजवा गाल मेलेला, त्याला काही कळत नसे. डावा जिवंत होता. डाव्या गालावर वस्तरा आला की आप्पांच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागे. आवाज नाही, हालचाल नाही, नुसतं पाणी. ज्या माणसाने चाळीस वर्षं कोणाला दुखवलं नाही त्याला घरातच, पोटच्या पोराच्या हातून हे. शहादेव म्हणे, "वढतंय का आप्पा? जरा सोसा." आणि घाई करी. घाईत आणखी ओढलं जाई. त्याला फक्त एवढंच हवं होतं: एकदा, एकदाच, बापाची दाढी त्यांना न रडवता व्हावी. मग पेशकार गेले तरी चालतील, पेठ गेली तरी चालेल असं तो मनात म्हणायचा. ते काही खरं नव्हतं. पण बापाच्या डोळ्यातलं पाणी एकदा थांबलं असतं तर बाकीचं आपोआप आलं असतं, असं त्याला वाटे.

आणि तो हात. मागच्या खोलीत बसलं तर आप्पा एकटे पडतात म्हणून तो कधी कधी दगड घेऊन त्यांच्या खाटेजवळच बसायचा. घासायला लागला की आप्पा घशातून काहीतरी आवाज काढत आणि डावा हात उचलून दाराकडे करत. दाराकडे, पुन्हा दाराकडे. "काय आप्पा? पाठ अजून उचलू का?" हात दाराकडेच. "बाहीर जाऊ म्हंता का? माझ्यानं होत न्हाई, म्हणून हाकलता?" हात थकून खाली पडायचा. आप्पा तोंड भिंतीकडे करत. शहादेवला त्या हाताचा अर्थ एकच कळत होता, आणि तो त्याला रात्री जेवताना, पाटावर बसताना, गिऱ्हाइकाच्या मानेवर पाणी चोळताना आठवायचा. जा. तू माझा न्हाईस.

त्या दिवशी पेशकारांकडून तो परत आला तेव्हा छबू दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने धोकटीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"लवकर आलाव?"

"पेशकारांना घाई होती."

"मंग दाढी झाली का न्हाई?"

त्याने धोकटी खुंटीला अडकवली. ती शेंगा सोलत राहिली. थोड्या वेळाने, मान खाली घालूनच म्हणाली, "जालन्याला धाडून बगा की एकदा. धर्मराजभावजी धाडतेतच न्हवं?"

"त्या धर्मराजाचं नाव काढू नगंस माझ्याम्होरं," तो इतक्या जोराने ओरडला की आत आप्पांनी आवाज काढला. छबू शेंगा उचलून आत गेली. तिचं बरोबर होतं, आणि तिने ते आधीच म्हणायला हवं होतं असंही त्याला वाटलं, आणि तिने ते म्हटलं म्हणून तिचा रागही आला.

धर्मराज हा त्यांच्याच भावकीतला. सात-आठ वर्षांपूर्वी एका लग्नात सगळी जात जमलेली असताना आप्पांनी त्याचा वस्तरा हातात घेतला होता, आपल्या मनगटावर फिरवला होता. केस भुर्र उडाले. "धार कुणाची रं ही?" आप्पांनी विचारलं. धर्मराज भोळा माणूस, म्हणाला, "जालन्याची, दादा." आप्पा हसले. "मंग दाढ्या बी जालन्यालाच धाडीत जा. ज्याला आपली धार लावता येत न्हाई त्यानं दुसऱ्याच्या गालाला कशापायी हात लावावा?" मांडव हसला. शहादेवही हसला होता, सगळ्यात जास्त तोच हसला होता. वर्षभरात धर्मराजची चांगली घरं सुटली आणि ती आप्पांकडे आली. पेशकार त्यातलेच एक. धर्मराज आता बाजाराच्या दिवशी लिंबाखाली दगडावर बसून बाहेरगावच्या माणसांच्या हजामती करायचा. त्याच्याच वाटेने आपण जायचं? मग आप्पांच्या त्या हसण्याचं काय करायचं? लोक म्हणतीलच, आडात मायंदाळ पाणी, पोहराच फुटका निघाला.

गुरुवार गेला. शुक्रवार उजाडला. रविवारी आप्पांची दाढी होती आणि त्या आधी पेशकारांचं 'बघू' होतं. शुक्रवारी दुपारी त्याने पुन्हा दगड काढला, आप्पांचा हात पुन्हा दाराकडे गेला, आणि यावेळी शहादेव खरंच उठला. चांगला मोठा वस्तरा त्याने कमरेला खोचला आणि धुळाजीकडे निघाला. धुळाजी धनगर गावाबाहेर मेंढरं बसवायचा आणि दर महिन्या-दीड महिन्याला लोकर नि घोंगड्या तट्टावर लादून गेवराईवरून, शहागडला गोदावरी उतरून, जालन्याच्या बाजारी जायचा. धर्मराजचे वस्तरे त्याच्याच हातून जातात एवढं सगळ्यांना माहीत होतं. वाटभर शहादेव बोलायचं काय ते जुळवत होता. एका पाहुण्याचा वस्तरा आहे म्हणावं. आपला नव्हेच.

धुळाजी लोकरीचे गठ्ठे बांधत होता. म्हातारा, अंगाला मेंढरांचा वास, बोलणं कमी.

"मामा," शहादेव म्हणाला, "एक वस्तरा न्यायचा व्हता जालन्याला. पाव्हण्याचा हाय. पर कुणाला सांगू नगा."

धुळाजीने वर पाहिलं. त्याला नवल वाटलं नाही. त्याने हात पुसले, पालातल्या गाठोड्यातून एक लोकरीची थैली काढली, जुनी, काळी, दोन तोंडांची, आणि एक तोंड सोडून पुढे धरलं.

"टाक हितं. मी म्हनलंच, आसाराम पडल्यापसून कुणी आलं कसं न्हाई. तीन महिनं झालं, बापाची बाजू रिकामीच जाती."

"बापाची बाजू?"

"ही आसारामची, ही धर्मराजाची. एकाच थैलीत जातेत दोगांचे. लई वर्सं झाली. आसारामनं आन घातलीती, बोलायचं न्हाई म्हणून. म्या कशाला बोलू? मेंढरामागचा मानूस मी. आता तूच आलास म्हनून म्हनतो."

शहादेवने वस्तरा थैलीत टाकला. तो आपल्याच हाताने टाकला हे त्याला नंतर आठवलं नाही. "जायाला यायाला किती दिस लागतेत, मामा?" त्याने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"पंदरा दिस," धुळाजी म्हणाला.

परत येताना तो नदीत उतरला आणि पलीकडे निघायचं विसरला. वाळूत बसला. पंधरा दिवस. लोणच्यावानी. लाल फडक्यात मग काय असायचं? एखादा जुना मोडका वस्तरा, एखादी नखं काढायची नराणी, काहीही. आणि दाराआडचा आवाज? गल्लीसाठी घासलेलं लोखंड. फटीतून दिसलेली ती उचललेली पाठ, जी त्याने पंधरा वर्षं सोन्यासारखी जपली, ती धार लावता न येणाऱ्या माणसाने कशीतरी धरलेली पाठ होती. न्हाव्याचा उकिरडा, कितीही उकरा, केसच निघणार. जितकं आठवावं तितकं तेच हाती येत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ठीक आहे. पण मग धर्मराजला भर मांडवात का हसले? त्याचा वस्तरा हातात घेतला तेव्हा आपलाच वस्तरा हातात घेतोय हे त्यांना कळलं नसेल? कळलं असणार. म्हणूनच हसले असतील. आधी आपण बोट दाखवावं म्हणजे आपल्याकडे कोणी दाखवत नाही. शहादेवला राग आला, मग राग कोणावर करायचा ते सुचेना, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तीन महिने तो स्वतःला नालायक म्हणत होता, बायकोवर ओरडत होता, वस्तरे घासून नासवत होता. आणि तो हात दाराकडे जायचा. तो हात 'जा' म्हणत होता की 'धाड' म्हणत होता? आता विचारून काय उपयोग. जेव्हा सांगता येत होतं तेव्हा त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगावंसं वाटलं तेव्हा वाचा नव्हती.

त्याने अंगठ्याला चिंधी बांधली आणि घरोघर सांगितलं, गळू झालंय, पंधरा दिवस हात चालायचा नाही. खोटं किती सोपं असतं हे त्याला पहिल्यांदा कळलं. लोक हळहळले, हळद लावा म्हणाले. पेशकारांनीही मान हलवली, आणि रविवारी दुपारी ते बाजारात लिंबाखाली बसलेले त्याने लांबून पाहिले. धर्मराज त्यांच्या गालावरून वस्तरा फिरवत होता आणि त्यांचे डोळे मिटले होते. आप्पांनी चिंधी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग दगड बाहेर निघत नाही हेही त्यांनी पाहिलं असणार. त्या पंधरा दिवसांत त्यांनी हात दाराकडे केला नाही. दाढी वाढली, पांढरी, आणि ते कोणीतरी परके म्हातारे दिसू लागले. शहादेव त्यांना भाकरी कुस्करून भरवायचा आणि मनात वाक्यं तयार करायचा. मला समदं कळलंय, आप्पा. धर्मराजाचे पाय धरायला पायजे आपण, आप्पा. मला कावून न्हाई सांगितलं? पेशकार गेले ते तुमच्यापायी गेले. अशी बरीच वाक्यं होती, आणि प्रत्येक घासाबरोबर ती मागे जात होती.

धुळाजी सोळाव्या दिवशी परत आला. वस्तरा देताना म्हणाला, "शिकलगारानं निरोप धाडलाय. म्हनला, ह्याला कुणीतरी इळ्यावानी घासलंय. वस्तऱ्याची पाठ आन् धार दोनी दगडाला टेकवाव्या लागतेत, म्हनला, पाठ उचलली की संपलं. एवढं सांग म्हनला त्याला. शिकतो म्हनत आसल तर यिऊ दे म्हनला."

एवढंच होतं. पाठ टेकवायची. शहादेवने वस्तरा मनगटावर फिरवला आणि केस भुर्र उडाले. आता घरी जाऊन लगेच दगड काढता आला असता, दुसऱ्या वस्तऱ्यावर पाठ टेकवून बघता आलं असतं, कदाचित जमलंही असतं. आप्पांच्या डोळ्यांसमोर बसून त्यांना येत नव्हतं ते करून दाखवायचं. हा विचार आला आणि त्याने वस्तरा मिटला.

घरी आल्यावर त्याने छबूला पाणी तापवायला सांगितलं. आप्पांना भिंतीला टेकवलं, दाढीला खूप वेळ पाणी चोळलं. वस्तरा उघडला तेव्हा आप्पांची नजर पात्यावर गेली. तो डाव्या बाजूला बसला, जिवंत गालाच्या बाजूला, आणि कानापासून खाली एक हात फिरवला. आवाज सुद्धा झाला नाही. केस पाण्यासारखे खाली आले आणि मागे जुना ओळखीचा गाल निघाला. आप्पांचं अंग ताठ झालं. त्या धारेखाली त्यांनी चाळीस वर्षं गावाला झोपवलं होतं. ती त्यांना कळली नसती तर नवल. त्यांनी डोळा वळवून पोराकडे पाहिलं. इतका घाबरलेला माणूस शहादेवने कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक नाही, शिक्षेला आणलेला चोर नाही, कोणी नाही.

आता म्हणायचं होतं. सगळी वाक्यं तयार होती.

"मीच लावला, आप्पा," तो म्हणाला. "तुमी लावायचाव तसाच. पंदरा दिस मुरू दिला."

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग तो डोळा भरला आणि पाणी वाहायला लागलं, गालावरून, नुकत्याच साफ झालेल्या वाटेवरून, हनुवटीपर्यंत. वस्तरा ओढत नव्हता. जरासुद्धा ओढत नव्हता. शहादेवने फडक्याने ते पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं.

"वढतंय का त्येंना?" छबूने चुलीपासून विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला, आणि पाणी थांबेना तेव्हा तशाच ओल्या गालावर त्याने पुढचा हात फिरवला.